मोठीच्या दोन थैल्या

हार गुंफताना मोठीनं कधी फुलांकडे पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर, तोंड गिऱ्हाइकाशी, आणि बोटं आपली टोपलीत. झेंडू, झेंडू, शेवंती, पान. सुई आत जायची, बाहेर यायची, दोरा ओढला जायचा, आणि समोरच्या माणसाची थट्टा पुरी व्हायच्या आत हार त्याच्या हातात पडायचा. कोणी म्हणालं, "बाई, बोटाले टोचन," की ती म्हणायची, "सुईले मालूम हाय बोट कुठं हाय ते. तुमाले देऊळ कुठं हाय ते मालूम हाय नं? मंग चाला."

मोठी म्हणजे माझी थोरली सून. आम्ही भातकुलीकडचे माळी. पेढी नदीच्या काठाला आमचं फुलांचं वावर आहे, आणि अमरावतीत देवीच्या रस्त्याला आमची हार विकायची जागा. घरात धाकटी सून आली तेव्हापासून ही मोठी झाली, आणि मग गावानं, बाजारानं, गिऱ्हाइकांनी तिचं खरं नाव टाकूनच दिलं. ती जाऊन दुसरं वर्ष लागलं. ती कशानं गेली ते दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं आहे. त्या कागदावर जे नाही ते मी लिहितो आहे. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

गिऱ्हाइकांना ती फुलांची नावं ठेवायची. एक पेन्शनर मास्तर रोज यायचे, गोड बोलायचे आणि जाताना काहीतरी टोचून जायचे. ते कन्हेर. एक ठसठशीत वकिलीणबाई होत्या, त्या डबल झेंडू. मी एकदा विचारलं, "अन् मी कोनतं फूल वो?" ती म्हणाली, "तुमी फूल नाई मामाजी. तुमी कुंपनाची बाभूळ. काटे हाय, पन ढोरं आत येत नाईत." सासऱ्याला असं बोलणारी सून दुसऱ्या घरात खपली नसती. मी वरून डोळे वटारले आणि दोन दिवस मनातल्या मनात खूश राहिलो. बाभळीचं कुंपण आतल्यालाही बाहेर पडू देत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

थोरला माझा फुलांचा टेम्पो चालवायचा. अंगापिंडानं दणकट पोरगा. एका वर्षात त्याच्या अंगावरचं मांस उतरलं, खोकला काही केल्या जाईना, आणि गेला. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं होतं. एचआयव्ही. मी गावात सांगितलं, कावीळ झाली, पोटात उतरली. रोग त्यानं कुठून आणला ते मी त्याला विचारलं नाही. मोठीनंही विचारलं नाही. मला एवढंच म्हणाली, "विचारून काय करू मामाजी? वापस थोडीच देता येते?"

मग तिचं रक्त तपासलं. तिलाही होतं.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर चांगली होती. तिनं समजावून सांगितलं की रोज एक गोळी घ्यायची, कधी चुकवायची नाही, माणूस आपलं पुरं आयुष्य जगतो. गोळ्या इथंच अमरावतीत मिळतील म्हणाली. मी विचारलं, इथं म्हणजे कुठं? तिनं दारातून बोट दाखवलं. व्हरांड्यात बाक होता, बाकावर पाच-सात माणसं माना खाली घालून बसली होती, आणि समोरून सगळा दवाखाना येत-जात होता. त्या बाकावर मला माझी सून दिसली, आणि तिच्यासमोरून जाणारा बाजारातला एकेक माणूस दिसला. मी म्हटलं, "आमाले अकोला लिहून द्या."

मोठी हळूच म्हणाली, "मामाजी, इथं तं फुलं विकता विकता गोळी आनता येते."

"अकोला म्हटलं नं."

मी एकदा बोललो की आमच्या घरात त्याच्यावर बोलणं होत नसे. याचा मला अभिमान होता.

आता बाईमाणूस महिन्याच्या महिन्याला अकोल्याला जाणार म्हणजे गाव विचारणार. मोठीचं माहेर दर्यापूरकडचं. आईबाप लहानपणीच गेलेले, काकानं लग्न लावून दिलं आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. मी तिला म्हटलं, अकोल्यात तुझी एक मावशी आहे. आईची चुलत बहीण. एकटी असते, थकलेली आहे, तू तिला पाहायला जातेस.  मोठी म्हणाली, "जन्मात एक नातेवाईक भेटली, तेबी खोटी. बरं. नाव तरी चांगलं ठेवा." आम्ही नाव ठेवलं गोदामावशी.

मावशीला जन्म मी दिला, पण लहानाची मोठी केली ती मोठीनं. शेजारची कौसाबाई म्हणजे गावाच्या बातम्यांचं गोदाम. ती कुंपणावरून विचारायची, "काहून वो मोठे, मावशीचे गुडघे कसे हाय?"

"उजवा बरा हाय. डावा रुसला हाय."

"जावई येते का पाहाले?"

"येते नं. पन चपला घालूनच बसते, म्हंजे उठाले बरं."

कौसाबाई उन्हाळ्यात मावशीसाठी गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या बांधून द्यायची. मोठी त्या अकोल्याच्या सिस्टरला नेऊन द्यायची आणि परत आली की कुंपणावरून सांगायची, "मावशी म्हने मीठ कमी पडलं." मग कौसाबाई दोन दिवस मावशीच्या नावानं बोटं मोडायची आणि पुढच्या खेपेला जास्त मीठ घालून परत कुरोड्या द्यायची. मी ओसरीवर बसून ऐकायचो. हसू यायचं, पण मी हसायचो नाही. आपल्या घराची अब्रू शाबूत आहे, हेच मला त्यातून ऐकू यायचं.

अकोल्याला ती एकटीच जायची, बसनं. एकदा मला ताप आला म्हणून तिथल्याच डॉक्टरला दाखवू असं म्हणून मला घेऊन गेली. मूर्तिजापूरला गाडी थांबली. समोरच्या बाजूला अकोल्याहून अमरावतीला जाणारी गाडी उभी होती. मोठीनं खिडकीतून बोट केलं. "ते हिरव्या पातळावाली पाह्यली? ते अकोल्याची हाय. गोळीले अमरावतीले जाते. आमी एकमेकीले ओळखतो. आपन तिकडं जातो, ते इकडं येते. मूर्तिजापुरात गाड्या एकमेकीले राम राम करतात." त्या बाईनं खिडकीतून मान हलवली. मोठीनं हात वर केला. मी खाली पाहिलं.

गोळी तिनं कधी चुकवली नाही. देवीच्या देवळात संध्याकाळच्या आरतीची घंटा झाली की गोळी. हातात हार असला तरी ठेवायची, गिऱ्हाइकाला म्हणायची, "थांबा दोन मिनिटं, देवीचा टाइम हाय," आणि पाठ वळवून गोळी घ्यायची. लोकांना वाटायचं बाई भाविक आहे. सुरुवाती-सुरुवातीला सुई बोटाला लागली, रक्ताचा ठिपका आला, की ती हाताखालचा सगळा हार कचऱ्यात टाकायची. अकोल्याच्या सिस्टरनं तिला समजावलं की बाई, असं फुलातून काही जात नसतं, कशाला फेकता? तरी फेकायची. मी पाहत होतो. फेकू नको, असं मी कधी म्हटलं नाही. तेवढं एक वाक्य मी बोलायला पाहिजे होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मोठी अंगानं भरली, रंग आला. विसरून गेलो होतो आम्ही.

हाराचं काम म्हणजे दिवसभर मांडी घालून बसणं. तिची कंबर धरली. मेडिकलमधून दुखण्याची लाल गोळी आणायची आणि खायची. आधी कधीमधी, मग रोज. मग सकाळी तिच्या डोळ्यांखाली सूज दिसू लागली, संध्याकाळी पाय सुजू लागले. जोडवं निघेना. कौसाबाई म्हणाली, पाणी आहे हे आपलं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी खारं, किडनीचं दुखणं आमच्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. मलाही ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं.

अकोल्याच्या डॉक्टरबाईनं सूज पाहिली आणि किडनीचं रक्त तपासायला सांगितलं. त्या दिवशी उशीर झाला होता, बस जाईल म्हणून मोठी थांबली नाही. बाई म्हणाल्या, गावाकडे तपासा आणि रिपोर्ट घेऊन या, नक्की या, गोळी बदलावी लागेल कदाचित. मोठीनं अमरावतीत रक्त दिलं. रिपोर्ट देणारा म्हणाला, हा आकडा चांगला नाही, किडनीच्या डॉक्टरला दाखवा. म्हणून आम्ही अमरावतीतल्या एका किडनीच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. मोठीला म्हणाला, "ताई, दुसरी काही औषधं चालू आहेत का? शुगर, बीपी, टीबी, दुसरं काहीही? लपवू नका."

मोठीनं तोंड उघडलं. मी म्हटलं, "काई नाई."

त्यानं परत तिलाच विचारलं, "ताई?"

फुलांकडे न पाहणारे तिचे डोळे माझ्या तोंडाकडे वळले. मी नजर काढली नाही. मी पाहतच राहिलो.

"नाई जी," ती म्हणाली. "कंबर दुखते तं मेडिकलची लाल गोळी खातो. बस."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. ती गोळी आजपासून बंद म्हणाला. पाण्याचं विचारलं, गावाचं विचारलं. त्याला कारण सापडलं आणि मला आडोसा सापडला.

बाहेर आल्यावर मोठी म्हणाली, "मामाजी, त्याले सांगाले पायजे होतं."

मी म्हटलं, "हे पान्याचं दुखनं हाय. त्या गोळीचा याच्याशी काय संबंध?"

"संबंध कसा नाई? दोन्ही गोळ्या एकाच पोटात जातात."

ती बाजारातून एक निळी थैली घेऊन आली. आधीची अकोल्याची थैली पिवळी होती, तिनंच शिवलेली. आता पिवळीत अकोल्याचे कागद, निळीत अमरावतीचे. रक्ताचा तो रिपोर्ट अमरावतीच्या डॉक्टरनं त्याच्यावर लिहिलं म्हणून निळीत राहिला. मी तिला बजावलं की पिवळी थैली अमरावतीत काढायची नाही आणि निळी अकोल्याला न्यायची नाही. घरात दोन्ही एका खुंटीला टांगल्या तेही मला चाललं नाही. मी दुसरी खुंटी ठोकून दिली.

अकोल्याच्या बाई रिपोर्ट मागायच्या. मोठी म्हणायची, घरी राहिला. पुढच्या महिन्यात परत, घरी राहिला. बाई रागावल्या, इथंच रक्त द्या म्हणाल्या. मी मोठीला आधीच सांगून ठेवलं होतं की रक्त देऊ नको, ते लोक अमरावतीच्या दवाखान्यात चिठ्ठी धाडतील आणि मग व्हायचं ते होईल. तिनं माझं ऐकलं. सगळ्या बाजाराला पुरून उरणारी बाई माझं का ऐकत होती? कारण माझ्या घराशिवाय तिला दुसरं घर नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. ती गप्प राहत गेली आणि मी जिंकत गेलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचे ढीग लागतात. गिऱ्हाइकांची रेटारेटी चालली होती आणि मोठी बोलता बोलता बाजूला कलली. झेंडूच्या ढिगावर पडली. हातातली सुई हातातच. लोक म्हणाले चक्कर आली, ऊन लागलं. धाकट्यानं तिला ऑटोत घातलं.

त्याच हळू बोलणाऱ्या डॉक्टरनं तपासलं आणि डायलिसिस लागेल म्हणाला. मशीनला लावायच्या आधी रक्त तपासतातच. तो कागद घेऊन खाटेजवळ आला तेव्हा त्याचा आवाज हळू नव्हता.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

माझी मान हलेना. वर-खालीही नाही, आडवीही नाही. खाटेवरून मोठी बोलली. धाप लागलेली, ओठ काळे पडलेले.

"त्याइले काई मालूम नाई डॉक्टरसाहेब. मीच लपोलं. म्हातारा मानूस हाय, त्याइच्यावर रागावू नका."

तो तिच्यावर रागावला. असं कसं केलंत ताई, शिकलेल्या नसलात तरी एवढं कळायला पाहिजे होतं, म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. मी पायथ्याशी उभा होतो. मी बोललो नाही. तेव्हाही नाही. हे वाक्य लिहून मी दोन दिवस वही बंद ठेवली होती.

मग त्यानं मला बसवून समजावलं. अकोल्याची गोळी वाईट नव्हती म्हणाला. तिनंच तुमच्या सुनेला इतकी वर्षं जगवलं. पण त्या गोळीत एक औषध असतं, किडनी कमजोर झाली की ते चालत नाही, त्याच्या बदली दुसरं देतात. दुसरं असतंच. त्यात रोजची दुखण्याची गोळी पडली. "त्या दिवशी दोन्ही फायली एका टेबलावर आल्या असत्या तर," एवढं म्हणून तो थांबला. पुढचं त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मोठीनं घरून दोन्ही थैल्या मागवल्या. खाटेवर बसून तिनं निळी थैली पिवळीत उलटी केली आणि रिकामी निळी माझ्या हातात दिली. "घ्या. याच्यात आता तमाखू ठेवा."

एचआयव्हीच्या पेशंटला डायलिसिसचं मशीन वेगळं लागतं, असं आम्हाला सगळीकडे सांगितलं. एका ठिकाणी तसं मशीन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी होतं, पण त्याला नंबर लागलेले. तिसऱ्या ठिकाणी कागद पाहून नुसतंच नाही म्हणाले. शेवटी जागा मिळाली ती अकोल्यात. आठवड्यातून दोन वेळा. मोठी हसली. "पाहा मामाजी, मावशी आता हप्त्यातून दोनदा बिमार पडते."

मी सोबत जायचो. तिच्या डाव्या हाताला दोन जाड सुया लावायचे. ती तिथल्या पोराला म्हणायची, "जनमभर मी सुईनं फुलं ओवली, आता तुमी मले ओवून राहिले." चार तास ती पडून राहायची आणि मी बाहेर बाकावर. व्हरांड्यातला बाक. लोक समोरून जायचे-यायचे, कोणी माझ्याकडे पाहतही नव्हतं.

एकदा मी तिथल्या डॉक्टरला म्हटलं, माझी एक किडनी काढा आणि तिला लावा. माझं कसं तरी चालेल. डॉक्टर म्हणाला, आजोबा, या वयात तुमची घेता येत नाही. मी हट्ट धरला. तपासून तर पाहा म्हटलं, मी अजून वावरातल्या विहिरीत उतरतो-चढतो. मोठी मशीनवरून म्हणाली, "नका लावू डॉक्टरसाहेब. यायची किडनी बसली तं मीबी यायच्यासारखी हट्टी होईन. मंग घरात दोघं झालो तं घर पडन." सगळे हसले. मी बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. जे देता येत होतं, ते फक्त तोंडातून काढायचं एक वाक्य होतं, आणि त्याची वेळ निघून गेली होती.

सगळ्यात वाईट पाण्याचं. दिवसाला मोजून पाणी. संत्रं बंद. आमच्या भागात संत्र्याचे ढीग रस्त्यावर लागतात आणि तिला एक फोड चालत नव्हती. साल नाकाशी धरून बसायची. तरी बाजारात यायची, जमेल तेव्हा. फुलांवर पाणी शिंपडायला तिच्याजवळ एक लोटा असायचा. बोटं बुडवायची आणि शिंपडायची, बुडवायची आणि शिंपडायची. मग ओली बोटं ओठांना लावायची. "ते पितात," म्हणायची, "मी पाहातो." आता मात्र ती फुलांकडे पाहायची. हार गुंफतानाही पाहायची. कारण डोळ्यांना कमी दिसत होतं.

वैशाखातली गोष्ट. आम्ही अकोल्याला पोचलो तर मशीन बंद पडलेलं. दुरुस्तीवाला उद्या येईल, सकाळी या म्हणाले. दुसरं मशीन होतं, ते आमच्यासाठी नव्हतं. अंगात पाणी भरलेलं, तिला धड चालता येत नव्हतं. परतीच्या बससाठी स्टँडवर बसलो. अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. समोर पाणपोई होती. रांजणांना ओलं फडकं गुंडाळलेलं, एक बाई येईल त्याला गिलास भरून देत होती.

मोठी म्हणाली, "मामाजी, एक गिलास. पोटभर. एकच."

"डॉक्टरनं नाई म्हटलं."

"एक गिलासानं काय होते? उद्या मशीन ते पानी काढून घेते."

"नाई म्हटलं नं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. मग सुजलेल्या तोंडानं हसली.

"आज डॉक्टरचं आयकून राहिले?"

मी उठलो नाही. पाणी दिलं नाही. बस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी केली. बडनेरा गेलं, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. मध्येच म्हणाली, "मूर्तिजापूर आलं का?" मी म्हटलं, आलं. आलं नव्हतं. आलं तेव्हा ती विचारण्यासारखी राहिली नव्हती. अकोल्याला दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं गाडीतच हात पाहिला, डोळे पाहिले. मशीन चालू झालं होतं.

दुपारी तिला घरी आणलं. अंगणात ठेवलं. बायका जमल्या. आमच्यात बाई गेली की माहेरचं नवं पातळ येतं, ते अंगावर घातल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. काकाला निरोप धाडला होता, तो येणार नाही असं उत्तर आलं. मग कौसाबाई उभी राहिली. "तो नाई आला तं नाई. गोदामावशी हाय नं. मावशीचं पातळ येते. थांबा तवरक. भाऊ, मावशीले फोन लावला का?"

लोक मावशीसाठी थांबले. माणसं बांधावर, सावलीला, ओसरीवर. कोणी म्हणालं, गाडी पाठवा, म्हातारीचे गुडघे दुखतात, बसनं कशी येईल. कोणी म्हणालं, जावई आणेल. धाकटा माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "बाबा, काय सांगू?" त्याला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, थांब. ऊन अंगणात सरकत मोठीच्या पायापर्यंत आलं. पाय सुजलेले, जोडव्याचा वळ तसाच. बायका पदरानं वारा घालत होत्या. त्या पडलेल्या देहाला अजून माझ्या अब्रूसाठी ताटकळत ठेवलं होतं मी.

मी उठलो. काठी ओसरीवरच ठेवली.

"मावशी येनार नाई," मी म्हटलं. "मावशी नाईच. कधी नव्हती. मोठीले एचआयव्ही होता. माह्या पोरानं दिला, तो त्यानंच मेला, कावीळ नव्हती. मोठी अकोल्याले गोळ्या आनाले जाये. इथं घेऊ दिल्या नाईत मी. किडनीच्या डॉक्टरपासून लपोलं तेबी मीच. तिनं नाई. मी."

बांधावरचे दोघंतिघं उठून चालायला लागले. एका बाईनं मोठीच्या उशाजवळ ठेवलेला हात हळूच काढून घेतला. मी उभा होतो. एवढी वर्षं ज्याला भीत होतो ते हेच होतं, आणि ते एवढंच होतं.

कौसाबाई माझ्याकडे पाहत होती. तिनं पदर खोचला आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या घरात गेली. मला वाटलं गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी न मोडलेलं पातळ होतं, तिच्या लेकीनं दिवाळीला आणलेलं. ती मोठीच्या उशाशी बसली, हात काढून घेतलेल्या बाईला म्हणाली, "सरक तिकडं," आणि मोठीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "घाल वो माये. मावशीनं धाडलं."